आण्णासाहेबांना स्वतंत्र देग

तामलवाडीत शांताक्कांचं घर विचारलं तर घर नंबर कुणी सांगत नाही. "ती मासे पाळणारी लिंगायतीण न्हाय का? तिचं. सरळ जावा, मागं हौद दिसंल," एवढं सांगून माणूस हसतो. या हसण्याची शांताक्कांना आता बारा वर्षांची सवय आहे. बाईनं जन्मात अंड्याला हात लावलेला नाही. वाढदिवसाचा केक पुढं आला तर त्यात अंडं आहे का, हे मराठीत, कानडीत आणि खात्रीसाठी हिंदीतही विचारून घेते. आणि त्याच बाईच्या परसात सतरा मासे! "खायचे नाहीत तर पाळता कशाला?" असं एकदा एका पाहुण्यानं विचारलं. "तुमी नातवंडं सांभाळता, ती काय खायला व्हय?" शांताक्का म्हणाल्या. पाहुण्यानं उरलेला चहा गुमान प्याला.

हौद मुळात म्हशीसाठी बांधलेला. म्हैस विकली, हौद राहिला, आणि त्यात डास झाले. मग हिवतापवाल्यानं येऊन मूठभर गप्पी मासे सोडले. शांताक्का तेव्हा अंगणवाडीत सेविका होत्या. दिवसभर चाळीस पोरांचा कल्ला ऐकून घरी आल्या की हौदाच्या कडेला टेकायच्या. एक आवाज न करता इकडून तिकडं पळणारी ही पोरं त्यांना इतकी आवडली, की पुढच्या महिन्यात त्या सोलापूरला जाऊन रंगीत मासे घेऊन आल्या. एसटीत मांडीवर पाण्याची पिशवी. कंडक्टर म्हणाला, जिवंत प्राण्याचं तिकीट पडतं. शांताक्का म्हणाल्या, मांडीवरच्या लेकराला तिकीट नसतं आणि ही लेकरं मांडीवरच आहेत. फाटा येईपर्यंत हा वाद चालला. उतरताना कंडक्टरच म्हणाला, "मावशी, जपून, पिशवी गळतीय."

त्या पिशवीतला एक अंगठ्याएवढा मासा आज हातभर लांब झाला आहे. पांढऱ्या अंगावर केशरी पट्टा, तोंडाशी दोन मिशा. शांताक्कांचे मालक बंडप्पा यांनी त्याचं नाव आण्णासाहेब ठेवलं, कारण तो दिवसभर काही न करता सगळ्यांच्या मधोमध उभा असतो आणि जेवायला मात्र पहिल्या पंगतीत. बंडप्पांना माशांचं प्रेम नाही. त्यांचं म्हणणं एकच: "आठ दिसांनी नळाला पाणी येतंय, आन् आंगुळीला मला एक बादली, तुझ्या आण्णासाहेबाला आख्खा हौद."

गेल्या वर्षीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. थंडी सरली, हौदाच्या तळाशी बोटभर गाळ साचला, पाणी हिरवंगार झालं. शांताक्कांनी हौद घासून लख्ख केला आणि नवं पाणी भरून त्यात ओंजळभर टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर टाकली. एकतीस वर्षं अंगणवाडीच्या पाण्यात त्या ही पावडर टाकत आल्या होत्या. पाणी भरलं की हात आपोआप डब्याकडे जायचा, तसा गेला. संध्याकाळपर्यंत एकतीसातले चौदा मासे पोट वर करून तरंगत होते. दोष द्यायला कुणीच नव्हतं. डबा त्यांचा, ओंजळ त्यांची. दोन दिवस त्यांच्या घशाखाली भाकरी उतरली नाही.

तेव्हाच त्यांनी हौदाच्या कठड्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि शांताक्कांची शपथ म्हणजे गावभर दवंडी. "फुडच्या साली हौद धुताना एक जरी जीव माझ्या हातानं गेला, तर माती टाकून हौद बुजवीन. वर कढीपत्ता लावीन. मासे पाळायची आपली लायकी न्हाय असं समजीन." बंडप्पांनी कढीपत्त्याचं रोप कुठं मिळतं याची लगोलग चौकशी करून ठेवली, यावरून माणसाची परीक्षा करावी.

वर्षभर शांताक्का शिकत राहिल्या. कुणाला विचारून, कुणाचं ऐकून, बरंचसं नुसतं कठड्यावर बसून. थंडीत मासे तळाशी निजल्यासारखे पडून राहतात, तेव्हा त्यांना खाऊ घालायचं नाही. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली आणि मासे वर येऊन फिरायला लागले, की मगच हौदाला हात लावायचा. सगळं पाणी काढायचं नाही, तिसरा हिस्सा जुनं ठेवायचं. भिंतीवरचं हिरवं पार खरवडायचं नाही. साबण तर नावालाही नाही. नळाचं पाणी दोन दिवस उघड्या पिपात ठेवून शिळं करायचं, मग घालायचं. भात शिळा नको, पाणी मात्र शिळंच हवं, असं त्या सांगायच्या.

प्रश्न राहिला तो हौद धुवेपर्यंत मासे ठेवायचे कशात. शांताक्कांचा नियम कडक: माशावर जीव लावीन, पण घरातल्या स्वयंपाकाच्या भांड्यात मासा घालणार नाही. मागं एकदा न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ वापरलं, तर दोन गप्पी घटकाभरात आडवे झाले. तांबं माशाला सोसत नाही, हे तेव्हा कळलं. या अडचणीतून वाट काढली शेजारच्या फातिमाबीनं.

फातिमाबी मणियार. वय साठीच्या पुढं, मोपेडला मागं बांगड्यांच्या पेट्या बांधून पंचक्रोशीतल्या बायकांचे हात भरणारी बाई. तिचा मुलगा मुजीब लग्नकार्याला मांडव आणि देगा भाड्यानं देतो. "अगे शांता," फातिमाबी म्हणाली, "मुजीबच्या जर्मनच्या देगा हैत की. एकेकीत माणूस बसंल. त्यात ठेव तुझी लेकरं."

"बिर्याणीच्या देगेत?"

"मग? उलट त्यास्नी बरं वाटंल. आजपत्तर कुणी त्यात पोहलं नसंल!"

दोघी इतक्या हसल्या, की बंडप्पा बाहेर येऊन काय झालं ते पाहून गेले. राखेनं घासून उन्हात वाळवलेल्या तीन जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, देगा शनिवारी संध्याकाळी परसात आल्या. मुजीबची अट एकच होती. रमजानचा चाँद दोन दिवसांवर आलेला, त्याआधीचा हा शेवटचा रविवार, त्यामुळं लग्नं एकावर एक. दुपारी तीन वाजता देगा त्याला परत हव्या होत्या. "मावशी, तीनच्या आत मोकळ्या करा. मी इथूनच उचलीन."

शिवरात्र नुकतीच झालेली. रविवारी ऊन हौदात उतरल्यावर काम सुरू झालं. शांताक्कांनी आधी पाण्याच्या मोटारीची पिन काढली आणि ती चक्क कनवटीला खोचली, म्हणजे बंडप्पांनी विसरून बटण दाबायला नको. शेवाळावर पाय घसरतो म्हणून पायाला गोणपाटाचे तुकडे बांधले. जुनं पाणी देगांत भरलं. मग हात ओले करून, जुन्या लुगड्याच्या ओल्या झोळीत एकेक मासा अलगद उचलला. पहिल्या देगेत आठ, दुसरीत आठ, आणि तिसरीत एकटे आण्णासाहेब. मासे उड्या मारतात म्हणून देगांवर झाकणं फट ठेवून बसवली, वर दगड. मग तळाचा गाळ सुपडीनं भरभरून काढला. दोन वाजेपर्यंत हौद आवरला. आता पिपातलं शिळं पाणी त्यात सोडलं होतं, ते उन्हानं जरा कोमट झालं की मासे परत. अर्धा तास होता. फातिमाबीनं भिंतीवरून हाक मारली, "चहा टाकलाय, ये!" शांताक्का पदराला हात पुसत गेल्या. जाताना बंडप्पांना म्हणाल्या, "देगांकडं ध्यान ठेवा." बंडप्पांनी मान हलवली.

आता बंडप्पांचा दोष म्हणावा तर दोष नाही. त्या दिवशी पाहुणे येऊन गेल्यामुळं त्यांची इष्टलिंगाची पूजा राहिली होती. ते परसाकडं तोंड करून ओसरीवर बसले. डाव्या तळहातावर लिंग, कपाळाला विभूती, नजर लिंगावर. ही पूजा चालू असताना बंडप्पा बोलत नाहीत आणि उठत नाहीत. एकदा घरात पातेलं जळून धूर झाला तरी ते उठले नव्हते.

आणि मुजीब तीनच्या ऐवजी अडीचला आला. कारण असं, की तुळजापूर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात पाण्याचा टँकर वेळेवर येईना, आणि तिथले बावर्ची शब्बीरभाई यांनी निरोप धाडला होता: देगा कुठं पाणी मिळालं तर भरूनच आण. मुजीबनं परसात पाऊल टाकलं आणि पाहतो तर तीन देगा काठोकाठ भरलेल्या, वर झाकणं, झाकणांवर दगड! हौद धुऊन भरलेला दिसत होता, तेव्हा मासे कधीच परत गेले असं त्यानं धरलं, आणि त्याला भरून आलं.

"आप्पा, पाणीपण भरून ठेवलं? या दुष्काळात? नेऊ मग?"

बंडप्पांचा उजवा हात मोकळा होता. तो त्यांनी जिवाच्या आकांतानं बाहेरच्या दिशेनं झाडला. त्यांना म्हणायचं होतं, हो बाजूला, हात लावू नको. मुजीबनं पाहिलं, आप्पा पूजेत आहेत आणि हातानं सांगतायत, ने लवकर, मला त्रास देऊ नको. "लई उपकार, आप्पा!" म्हणत त्यानं आणि त्याच्या दोन गड्यांनी देगा टेम्पोत चढवल्या. पाणी हिंदकळू नये म्हणून झाकणं घट्ट दाबून दोरीनं बांधली. बंडप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं वाहायला लागली. पण लिंग हातात होतं, माणूस करतो काय?

पूजा संपली तशी त्यांनी जी आरोळी ठोकली, ती चौथ्या घरापर्यंत गेली. "शांते! आण्णासाहेब लग्नाला गेले!"

शांताक्का चहाचा कप घेऊनच धावत आल्या. मोकळं परस पाहिलं आणि कप हौदाच्या कठड्यावर टेकला. फातिमाबीनं मुजीबला फोन लावला. फोन तिच्याच घरात, चार्जिंगला, कपाटावर वाजला. शब्बीरभाईंना लावला, तर बंद. भट्टी पेटली की शब्बीरभाई मोबाईल बंद करतात, हे तालुक्याला माहीत आहे. एकदा फोनवर बोलता बोलता त्यांचा भात मऊ झाला होता, ते दुःख ते अजून विसरलेले नाहीत.

"आता आधण ठेवतील गं बाई," शांताक्का म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "माझी लेकरं आधणात! ह्या वक्ताला पावडर न्हाय टाकली, पार शिजवूनच टाकते म्या!"

"उठ गे! रडायला येळ न्हाय!" फातिमाबीनं मोपेडला किक मारली. बांगड्यांच्या पेट्या सोडायला वेळ नव्हता. शांताक्का त्या पेट्यांवरच बसल्या, पायाला गोणपाट, हातात रिकामी बादली. त्या जन्मात दुचाकीवर बसल्या नव्हत्या. पहिल्या वळणावर त्यांनी डोळे मिटले, दुसऱ्या वळणावर फातिमाबीच्या कमरेला मिठी मारली, आणि हायवेला लागल्यावर त्या ओरडून म्हणाल्या, "ह्याच्याहून जोरात जात न्हाय व्हय तुझी गाडी?" खाली बांगड्या किणकिणत होत्या, मागून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. सहा किलोमीटर दोघी नुसत्या देवांची नावं घेत होत्या, एक कानडीत, एक उर्दूत. मधेच फातिमाबीला हसू फुटलं आणि ते शांताक्कांनाही लागलं. रडता रडता माणूस असं हसतं, तेव्हा त्याचं त्यालाच कळत नाही काय चाललंय.

कार्यालयाच्या मागं भट्ट्या होत्या. लाकडं धडधडून पेटलेली. दोन देगा अजून खालीच होत्या, तिसरी भट्टीवर. तिच्याशेजारी शब्बीरभाई कमरेवर हात ठेवून उभे. पांढरी दाढी, खांद्यावर पंचा. त्यांची रीत अशी, की आधणाची देग बोलायला लागल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आणि ती देग आज दहाच मिनिटांत आतून टकटक बोलायला लागली होती. शब्बीरभाई कौतुकानं भोवतालच्या पाहुण्यांना सांगत होते, "सुना? याला म्हणतात लाकूड! इतक्या लवकर माझी देग कधी बोलली नव्हती!"

"जाळ काढा! जाळ काढा!" ती टकटक कुणाची हे ओळखून, मोपेड थांबायच्या आत शांताक्का उतरल्या, म्हणजे जवळजवळ पडल्याच. "आमचे आण्णासाहेब त्या देगेत हैत!"

पाहुण्यांपैकी एक बाई किंचाळली. नवऱ्या मुलाच्या मामाचं नाव आण्णासाहेब नसलं तरी त्यांनी चाचपून पाहिलं, आपण बाहेरच आहोत ना. शब्बीरभाईंनी मात्र पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी फावड्यानं जळती लाकडं ओढून बाहेर टाकली, दोरी तोडली, झाकण फेकलं आणि आत पाहिलं.

आण्णासाहेब कुशीवर पडले होते. एक कल्ला कसाबसा हलत होता. मग तोही हलायचा थांबला.

शांताक्कांनी पाण्यात हात घातला. पाणी अंघोळीला लागतं तसं कढत नव्हतं, पण चांगलंच कोमट झालेलं. गार पाणी ओता, असं दहाजण ओरडले. कुणी बर्फाची पाटी घेऊन धावला. "न्हाय! खबरदार!" शांताक्कांचा अंगणवाडीतला आवाज अख्ख्या मंडपावर फिरला. "एकदम गार टाकलं तर आत्ता जातील ते. थोडं थोडं. दुसऱ्या देगेतलं. तांब्या तांब्यानं."

मुजीब तांब्यानं पाणी घालायला लागला. त्याचा चेहरा त्या पांढऱ्या माशाहून पांढरा पडला होता. शांताक्कांनी आण्णासाहेबांना दोन्ही हातांवर धरलं आणि पाण्यात हळूहळू पुढं सरकवायला लागल्या, झोपलेल्या पोराला पाळण्यात झुलवावं तसं. "ह्याला हवा पायजे," त्या पुटपुटल्या, "पाण्यात हवा पायजे."

शब्बीरभाईंनी आपला हातभर दांड्याचा मोठा डाव उचलला, स्वच्छ पाण्यानं तीनदा धुतला, आणि देगेतलं पाणी वर नेऊन सोडायला लागले. हात उंच, धार बारीक, फेस पांढरा. दूध गार करताना करतात तसं. एक मिनिट, पाच मिनिटं, दहा. चारशे माणसांचा भात थांबला होता. नवरीचे वडील येऊन म्हणाले, "शब्बीरभाई, निकाह आटोपलाय, माणसं भुकेली—" शब्बीरभाईंनी मान वर न करता सांगितलं, "खजूर वाटा." खजूर वाटले गेले. हळूहळू निम्मा मंडप भट्टीमागं आला. नवरदेव आला, त्याच्या मागं ओठांत दुवा पुटपुटत बुरख्यातल्या मावश्या आल्या, शेरवानीतले चुलते खुर्च्यांवर चढून बघायला लागले. माशाच्या जिवासाठी कुणी दुवा मागताना ते वऱ्हाड पहिल्यांदाच पाहत होतं.

शांताक्कांच्या डोळ्यांतून पाणी देगेत पडत होतं. हे खरंच आपल्या हातून होतंय, या वेळीही, असं त्यांना वाटत होतं. कढीपत्त्याचं रोप त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. "माफ करा हो," त्या माशाला म्हणाल्या, सगळ्यांच्या देखत. "आण्णासाहेब, माफ करा."

आण्णासाहेबांचा कल्ला उघडला. मिटला. पुन्हा उघडला. मग शेपटी थरथरली, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी अशी काही उसळी मारली, की कोमट, हिरवट पाण्याचा सपकारा थेट नवरदेवाच्या शेरवानीवर! मंडपात असा गजर झाला, की पुढच्या दारी बसलेल्या वाजंत्रीवाल्यांना वाटलं, आपल्याला इशारा झाला. त्यांनी बँडच सुरू केला. फातिमाबीनं शांताक्कांना मिठी मारली आणि दोघी भट्टीमागं गोल गोल फिरल्या. शांताक्कांच्या पायातलं गोणपाट सुटून कुठं गेलं, पत्ता नाही. आण्णासाहेब देगेत गोल चकरा मारत होते. थंडीभर मरगळलेला तो मासा शेकून निघाल्यासारखा ताजा झाला होता.

तेवढ्यात टँकर आला. आधणाला नव्या देगा चढल्या. खालच्या दोन देगांतली सोळाही लेकरं सुखरूप निघाली. मुजीब तिन्ही देगा टेम्पोत चढवून, झाकणं उघडी ठेवून, शांताक्कांच्या पाया पडत होता. शब्बीरभाई पंच्यानं हात पुसत आले. त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला होता, तो ते डाव्या हातानं चोळत होते.

"आक्का," ते म्हणाले, "चाळीस वर्षं झाली मला या देगांपुढं. काय काय घातलं त्यात, अल्लाला हिशेब. पण माझ्या देगेतून जिवंत बाहेर निघालेला हा पहिला जीव." त्यांचा आवाज जरा अडखळला. "आज मला भात करायला लई बरं वाटंल."

शांताक्का पदरानं डोळे पुसत हसल्या. "शब्बीरभाई, तुमचा हात लई मऊ हाय. फुडच्या साली हौद धुताना तुमीच या."

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण पुढच्या सालचं बोललो, म्हणजे हौद राहिला आणि कढीपत्ता गेला. शब्बीरभाईंनी खिशातून सुपाऱ्यांच्या तारखांची वही काढली, कानावरची पेन्सिल घेतली, आणि एखाद्या मोठ्या लग्नाची तारीख घ्यावी तशा गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "शिवरात्रीनंतरचा पहिला इतवार? लिहून ठेवतो. त्या दिवशी दुसरं काम घेत नाय."